बसप्पा मिस्त्रींची रपट

बॉयलर इन्स्पेक्टर म्हणून मी तीस वर्षं नोकरी केली. त्या तीस वर्षांत स्वतःच्या चुकीची रपट स्वतःच्या हाताने लिहून पाठवणारा माणूस मला एकच भेटला, आणि त्याला मी शिक्षा केली. ज्यांनी चुका लपवल्या त्यांच्याकडे बसून चहा प्यायलो. एकदा हे कागदावर उतरवलं की मन हलकं होईल असं वाटलं होतं. तसं काही झालेलं नाही.

हैदराबाद संस्थान विलीन होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती आणि मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात आला होता. आमच्या खात्याला हा मुलूख नवा. मी साताऱ्याकडचा, नोकरीत कच्चा, ऑफिस सोलापूरला. उस्मानाबाद जिल्ह्यातले जिनिंगचे कारखाने आणि तेलगिरण्या माझ्याकडे आल्या. जिथे जिथे वाफेवर यंत्र चालतं तिथे वर्षातून एकदा जायचं, बॉयलर थंड करून आत शिरायचं, पत्रे ठोकून बघायचे आणि चालवायला परवानगी द्यायची की नाही ते ठरवायचं. मध्ये काही बिघाड झाला तर कारखान्याने तो एका दिवसाच्या आत लेखी कळवायचा, असा नियम. कळवल्यावर काय करायचं ते मात्र बरंचसं इन्स्पेक्टरवर. ताकीद द्यावी, मुदत द्यावी, नाहीतर कारवाई करावी. एवढा अधिकार वयाच्या सव्विसाव्या वर्षी हातात आला की माणूस जरा ताठच चालतो. मीही चालत होतो.

तसाच ताठ मी मुरुमच्या जिनिंग कारखान्यात बॉयलरच्या खोलीत शिरलो, तर आतून आवाज आला, "साहेब, पायताण भायेर."

बोलणारा माणूस बुटका, रुंद, पन्नाशीचा. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. भट्टीच्या धगीने भुवया पार जळून गेलेल्या, त्यामुळे चेहऱ्यावर कायम कसलं तरी नवल वाटल्यासारखा भाव. हे बसलिंगप्पा, कारखान्याचे बॉयलर चालवणारे. सगळा गाव त्यांना बसप्पा मिस्त्री म्हणे. मी म्हणालो, "मी इन्स्पेक्टर आहे."

"व्हय की. जुने साहेबबी काढायचे."

मी बूट काढले. रागानेच काढले. पण मग बॉयलरच्या आत शिरायची वेळ आली. एक माणूस जेमतेम आत जाईल एवढं भोक असतं. मी कपडे उतरवून तयार झालो तर मिस्त्रींनी मला हाताने मागे सारलं. "पयलं म्या जातो. कुठं वाफ ऱ्हायली असंल तर मला लागू दे. तुम्हाला लेकरं किती?"

"लग्न व्हायचंय अजून."

"मंग तर म्याच पयला," असं म्हणून ते कंदील घेऊन आत गेले. बॉयलर दोन दिवस थंड होता, आत वाफ असणं शक्यच नव्हतं. हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी पुढची दोन वर्षं दर मुआयन्याला ते माझ्याआधी आत गेले. तपासणीला ते मुआयनाच म्हणत.

मिस्त्रींच्या तीन भाषा होत्या आणि प्रत्येकीचं काम वेगळं होतं. माणसांशी मराठी. कागदावर उर्दू, कारण निजामाच्या शाळेत तेवढीच शिकलेले. आणि बॉयलरशी कानडी. दाब वाढायला लागला, काटा लाल रेघेकडे सरकला की झडप हलकेच उघडत ते म्हणायचे, "ताळव्वा, ताळ." म्हणजे आई, जरा दम धर. गळ्यातलं इष्टलिंग चांदीच्या करंड्यात असे. भट्टीपुढे चांदी तापून छातीला चटके बसत, म्हणून करंड्याला ओल्या फडक्याची घडी गुंडाळलेली असायची. दर तासाला ती घडी बदलायची. काढून खुंटीला का लावत नाही, असं मी एकदा विचारलं तर ते माझ्याकडे असे बघत राहिले की मी विषयच बदलला.

बॉयलरला जायचं पाणी ते चाखून बघत. विहिरीची बादली वर आली की एक चूळ तोंडात घोळवायची, थुंकायची आणि निकाल द्यायचा. "आज लई खारं हाय. पोटात थर धरंल." मी हसलो होतो. शास्त्र शिकून आलेला माणूस मी! बाटलीत पाणी भरून सोलापूरला तपासायला नेलं. पंधरा दिवसांनी अहवाल आला, त्यात जे होतं ते मिस्त्रींच्या जिभेने बादलीपाशीच सांगितलं होतं. पुढच्या खेपेला मी ते कबूल केलं, तर म्हणाले, "बाटलीचा बी दोष न्हाय साहेब. तिला जीभ न्हाय."

त्यांचा सगळ्यात मोठा ऐवज म्हणजे एक जाडजूड वही. रोजनामचा. सोळा वर्षं रोज लिहिलेला. कधी आग पेटवली, कधी दाब चढला, आणि कधी काय चुकलं. हे शेवटचं मला नवीन होतं. कारखान्यांच्या वह्यांत चुका नसतात. सगळं कसं ठीकठाक चाललेलं असतं, अगदी यंत्र मोडून पडेपर्यंत. मिस्त्रींच्या वहीत मात्र पानापानांवर कबुल्या होत्या आणि प्रत्येक कबुलीपुढे हिरव्या शाईत एक छोटा शब्द आणि सही. मी विचारलं, हे काय?

"ह्या ओळीत म्या लिवलंय, झडप उशिरा उघडली. आन् ह्ये साहेबांचं. माफ."

निजामाच्या काळातले ते जुने इन्स्पेक्टर. त्यांनी पहिल्याच मुआयन्याला या भागातल्या सगळ्या मिस्त्रींना गोळा करून सांगितलं होतं म्हणे, की चूक जो आधी लिहील त्याला माफी, लपवलेली सापडली तर सजा. कुठल्या कागदावर हा हुकूम नव्हता. पण त्या माणसाने शेवटपर्यंत तो पाळला आणि लोक लिहीत गेले.

"असं कायद्यात नाही, मिस्त्री," मी म्हणालो.

"कायद्यात नसंल. साहेबात व्हतं."

हे मला फार आवडलं. इतकं आवडलं की मोठेपणाच्या भरात मी बोलून गेलो, "मग माझ्याकडेही तसंच समजा. तुम्ही लिहा, मी बघून घेईन. फक्त मराठीत लिहा. आमच्या ऑफिसात उर्दू वाचणारा कुणी नाही." महादू नावाचा त्यांचा हाताखालचा भट्टीवाला तिथेच उभा होता. त्यानेही ऐकलं.

मिस्त्रींनी ते मनावर घेतलं. पन्नाशीच्या माणसाने पाटी घेतली आणि शेजारच्या मास्तरांकडून बाळबोध अक्षरं गिरवायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी मला त्यांनी आपलं नाव लिहून दाखवलं. अक्षरं डाव्या बाजूला जरा कललेली, पण स्वच्छ.

त्याच दौऱ्यात मी कळंबकडच्या एका तेलगिरणीत गेलो होतो. तिथल्या बॉयलरमधला शिशाचा प्लग नवा कोरा चकाकत होता. हा प्लग म्हणजे काय ते सांगायला हवं. भट्टीच्या छताला एक पितळी बूच असतं, त्याच्या पोटात शिसं ओतलेलं. वर पाणी आहे तोवर शिसं थंड राहतं. पाणी कमी झालं की ते वितळतं, वरची वाफ भोकातून आगीवर पडते, आग विझते आणि माणसं वाचतात. काम दोन दिवस बंद पडतं एवढंच. तेव्हा प्लग नवा दिसतो याचा अर्थ जुना वितळला होता. पण मला काहीही कळवलं गेलं नव्हतं. मी मालकाकडे बघितलं. मालक म्हणाले, "साहेब, सीझन हाय. माल पडून हाय. एवढी बार सांभाळून घ्या." चहा आला, शेव आली. सवलत देण्याचा अधिकार मला होताच. मी लिहिलं, 'हंगामानंतर दुरुस्ती करावी.' बसमध्ये बसताना आपण किती समजूतदार अधिकारी आहोत असं वाटलं, तेही आठवतं.

मिस्त्रींची रपट त्यानंतर महिन्याभराने आली. वहीचं फाडलेलं पान, त्यावर तीच डावीकडे कललेली अक्षरं. मजकूर मला पाठ आहे.

'मेहेरबान साहेब. आज सकाळी म्या पाण्याची काच फुंकली नाही. सतरा वर्षांत पहिली खेप. काचेत पाणी दिसत होतं पण ते खरं नव्हतं. शिसं वितळलं. आग विझली. कोणाला लागलं नाही. चूक माझी आहे. महादूची नाही. हुकूम व्हावा. बसलिंगप्पा.'

बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते दाखवणारी काच असते. तिच्या तोंडाशी क्षार साचले की ती खोटं पाणी दाखवते, म्हणून रोज सकाळी कळ उघडून वाफेने ती साफ करायची. तिला फुंकणं म्हणतात. तेवढं एक काम राहिलं होतं. का राहिलं, हे पत्रात नव्हतं, आणि मी विचारलं नाही.

आठवड्याने वरच्या साहेबांनी मला बोलावलं. माझी नोकरी कायम व्हायची होती, तो कागद त्यांच्याच टेबलावर होता. फाईल चाळत ते म्हणाले, "नवीन मुलूख आहे. वर्षात एकही कारवाई नाही? धाक कसा बसायचा?" मी परत येऊन माझ्या टेबलाशी बसलो. समोर कारवाईच्या लायकीचा, सही केलेला, कबुलीचा एकच कागद होता. कळंबच्या चकाकत्या प्लगवर कारवाई करायची तर पुरावा गोळा करावा लागला असता, मालक भांडला असता, वकील आला असता. मिस्त्री भांडणार नव्हते. त्यांनी तर पुरावा स्वतःच पाटीवर गिरवून शिकलेल्या अक्षरांत पाठवला होता. उर्दूत लिहिला असता तर आमच्या ऑफिसात तो कुणाला वाचताही आला नसता!

'सक्त ताकीद द्यावी' असं मी लिहू शकत होतो. नियमात जागा होती. तीन शब्द. मी लिहिलं, 'बसलिंगप्पा यांचं बॉयलर चालवण्याचं सर्टिफिकेट एक वर्षासाठी निलंबित करावं.' वरून शिक्का उठून आला. हुकूम मी पोस्टाने पाठवला, मुरुमला गेलो नाही. कायदा सर्वांना सारखा, असं स्वतःला बजावत राहिलो. तो सारखा नव्हता, आणि तो असमान मीच केला होता, हे त्या दिवशीही मला पुरतं ठाऊक होतं. भित्रेपणा केला, दुसरा शब्द नाही.

महिन्याभरात माझी नोकरी कायम झाली.

त्यानंतर एक गमतीची गोष्ट घडली, म्हणजे तेव्हा ती गमतीची वाटली. उस्मानाबाद जिल्ह्यातून रपटा येणं बंद झालं. एकही नाही. महिन्याच्या तक्त्यात त्या रकान्यापुढे मी 'निरंक' लिहीत गेलो. वरचे साहेब खूश. "बघा, धाक बसला," म्हणाले. मुआयन्याला जावं तिथे वह्या कोऱ्या, प्लग जागच्या जागी, मालक हसतमुख. मुरुमलाही जाऊन आलो. भिंतीवर दुसऱ्याच कुणाचं तरी सर्टिफिकेट टांगलेलं होतं. तो माणूस सोलापूरचा, आठवड्यातून दोनदा येऊन सही करायचा. बॉयलर चालवत होता महादू. त्याने मला वाकून नमस्कार केला आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. मिस्त्री कुठे आहेत, असं विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. त्या खेपेला बॉयलरमध्ये माझ्याआधी कुणी शिरलं नाही.

वर्ष भरलं. सर्टिफिकेट पोस्टाने परत पाठवता आलं असतं. पण ते पाकीट मी स्वतः घेऊन निघालो. सोलापूरहून उमरगा, तिथून मुरुम, एसटीत उभ्याने. बाजाराचा दिवस होता, आणि बॉयलर धुवायचा म्हणून कारखाना चार दिवस बंद. स्टँडवर चौकशी केली तर एकाने लोहारआळीकडे बोट दाखवलं.

मिस्त्री एका लोहाराचा भाता ओढत बसले होते. दोरी ओढायची, सोडायची. मला बघून त्यांनी हातातली दोरी तशीच धरून ठेवली आणि लोहाराला म्हणाले, "मुआयन्याचे साहेब हायत." त्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. लोहाराने मला बसायला पोतं दिलं.

मी पाकीट पुढे केलं. "तुमचं सर्टिफिकेट, मिस्त्री. मुदत संपली."

त्यांनी हात धोतराला पुसले, कागद उघडून बघितला. "सनद आली म्हना की," म्हणाले आणि घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली. मग भात्याची दोरी पुन्हा हातात घेतली.

"साहेब, तुम्ही म्हनले व्हते, लिवा."

"हो."

"म्या लिवलं."

"चुकलं माझं, मिस्त्री," मी म्हणालो. वर्षभर जे वाक्य घोळवत होतो ते एवढंसंच निघालं. त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून हलवली की ऐकू आलं म्हणून, ते मला कळलं नाही.

तेवढ्यात महादू धावत आला. साहेब सनद घेऊन आले ही बातमी बाजारात पोचली होती. त्याने आधी मिस्त्रींच्या पायांना हात लावला, मग माझ्यासमोर पहिल्यांदाच तोंड उघडलं. "साहेब, राग मानू नगा. पर त्या दिशी मिस्त्रींनी काच का फुंकली न्हाय, ठाव हाय का? आदल्या सांजंला थोरल्या भावाला माती देऊन आले व्हते. शेटजींनी सकाळीच बोलावनं धाडलं. आग पेटवायला सनदवाला दुसरा व्हताच कोन?"

"गप," मिस्त्री म्हणाले.

"हे लिहायचं होतं ना पत्रात," मी म्हणालो.

"कारन लिवलं की चूक निम्मी व्हती, साहेब. चूक आख्खी व्हती." आणि मग उठत महादूला म्हणाले, "चल. तिला बगून येऊ. वरीस झालं."

आम्ही तिघे कारखान्यात गेलो. पहारेकऱ्याने मिस्त्रींना बघून फाटक उघडलं. खोली थंडगार, बॉयलर रिकामा. मिस्त्री बॉयलरवर तळहात ठेवून थोडा वेळ उभे राहिले, कानडीत हळू काहीतरी बोलले, मग कंदील घेऊन भट्टीच्या तोंडातून आत सरपटत गेले. आतून पान्याचा आवाज आला. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात शिशाचा प्लग नव्हता. लोखंडाचा बोल्ट होता, चांगला जाडजूड, प्लगच्या भोकात बरोबर बसेल असा आटे पाडून घेतलेला.

"महादू, ह्ये काय?"

महादूचा चेहरा उतरला. "शेटजी म्हनले… शिसं वितळलं की रपट. रपट गेली की सनद गेली. लोखंड काय वितळत न्हाय." माझ्याकडे न बघता तो पुढे म्हणाला, "मुआयन्याच्या दिशी शिसं बसवायचं. साहेब गेले की काढायचं. समद्याच गिरन्यांत तसंच हाय."

समद्याच. माझ्या तक्त्यातल्या प्रत्येक 'निरंक'चा अर्थ त्या बोल्टात होता. पाणी कमी झालं तर आता आग विझणार नव्हती, बॉयलर फुटणार होता, आणि समोर महादू उभा असणार होता. गावोगाव असे महादू, आणि धाक बसला म्हणून मी कायम झालेलो!  मी भिंतीला टेकलो.

मिस्त्रींनी कुणाला बोल लावला नाही. फळीवरून शिशाचा प्लग शोधून काढला, परत आत गेले, तो घट्ट बसवला. बाहेर येऊन बोल्ट पाण्याच्या हौदात फेकून दिला. महादू जवळ आला. भ्यालेला होता, पण शिकवलेलं विसरला नव्हता.

"मिस्त्री, आता ह्येची रपट लिवायची व्हय?"

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. ते माझ्या बोलण्याची वाट बघत होते. मी म्हणायला हवं होतं, लिही, मी माफ लिहीन. एवढंच. पण कुणाच्या जिवावर म्हणणार होतो? पुन्हा वरच्या साहेबांनी फाईल उघडली तर मी काय करीन, हे त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. 

"तुला दोन लेकरं हायत," मिस्त्री महादूला म्हणाले. "नगं लिवू."

त्यांच्या तोंडून हे यावं! ते दाराकडे वळले. महादू माझ्याजवळ आला, हात जोडले, आणि घाबऱ्या आवाजात म्हणाला, "साहेब, तुम्ही काय ऐकलं न्हाय नव्हं?"

"नाही," मी म्हणालो.

मिस्त्री उंबऱ्यावर होते. त्यांनी ते ऐकलं. मागे वळून न बघता ते फाटकाकडे चालत गेले.